सातव्या महिन्यातला व्हायरल ताप: बाळाबरोबर आईकडेही बघा

ताई, उत्तर मोठं होणार आहे, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. आजच दवाखान्यात जा. ओपीडीची वेळ संपली असेल तर इमर्जन्सीत जा. बीपी मोजून घ्या, सीबीसी पुन्हा करा, लघवीत प्रोटीन आहे का ते तपासा आणि लिव्हरच्या तपासण्या करा. बाकीचं तिथे नंबर लागेपर्यंत वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. पहिलं बाळंतपण, 29 आठवडे झालेत, राहायला नागपुरात मानेवाड्याला. रविवारी ताप आला, 102 ते 103 पर्यंत. डोकं, डोळ्यांच्या मागे आणि कंबर प्रचंड दुखत होती. घराजवळच्या डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे, सध्या सगळीकडे चालू आहे’ असं सांगून गोळ्या आणि कमरेत एक इंजेक्शन दिलं. मंगळवारी सीबीसी केली, तिच्यात प्लेटलेट 1,18,000 आल्या. सोनोग्राफीत बाळ छान आहे. बुधवारी रात्री ताप उतरला, पण आज गुरुवारी अंगात त्राण नाही, दोनदा उलटी झाली आणि पोटात वरच्या बाजूला दुखतंय. सासूबाई म्हणतात, ताप गेला, आता भरती कशाला. त्यांना कसं सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: ‘याचा बाळावर तर काही परिणाम होणार नाही ना?’

एवढ्या सगळ्यात तुम्ही स्वतःबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. हे मी रोज बघते. ताप आलेली गरोदर बाई ओपीडीत येते, सोबतचे चार जण बाळाचे ठोके विचारतात, सोनोग्राफीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि घरी जायची घाई सुरू होते. त्या वेळी बाईची नाडी 120 असते. गरोदरपणातल्या बऱ्याच विषाणूंच्या आजारांत पहिला मोठा धोका आईला असतो, आणि बाळाचं काय होणार हे आई किती सांभाळली जाते यावर ठरतं. म्हणून मी आधी तुमच्याबद्दल लिहिते, बाळाचं उत्तर पुढे देते.

‘व्हायरल’ हे आजाराचं नाव नाही. विषाणूमुळे ताप आला असावा, एवढाच त्याचा अर्थ. कोणता विषाणू, हे त्यातून कळत नाही, आणि गरोदर बाईच्या बाबतीत सगळं त्यावरच अवलंबून असतं. शिवाय विषाणूच असेल असंही नाही. आपल्या भागात पावसाळ्यानंतर मलेरिया असतो. गडचिरोली, गोंदियाकडे जाणं-येणं झालं असेल तर तो हमखास तपासावा. स्क्रब टायफसही असतो. 2018 साली विदर्भात त्याची साथ आली होती. झुडपांत, गवतात असणाऱ्या बारीक किड्यांच्या चावण्याने तो होतो, आणि काखेत किंवा जांघेत एक काळी खपली दिसते, जी कोणी कपडे बाजूला करून बघितल्याशिवाय सापडत नाही. दोन्ही आजारांवर नेमकं औषध आहे आणि ते वेळेत मिळालं तर बाई बरी होते. ‘व्हायरल आहे, जाईल आपोआप’ म्हणत थांबलं तर तीच वेळ हातची जाते.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय डेंग्यूचा आहे. सप्टेंबर महिना आहे, नागपूर आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय, तिसऱ्या दिवशी प्लेटलेट कमी आल्यात. गरोदरपणात शेवटी शेवटी प्लेटलेट थोड्या कमी होतात हे खरं, पण तापासोबत आलेला 1,18,000 हा आकडा मी ‘गरोदरपणामुळे असेल’ म्हणून सोडून देणार नाही. मागच्या महिन्यातल्या नेहमीच्या तपासणीत किती होत्या, ते फाइल काढून बघा. तेव्हा 2,20,000 असतील तर आजचा आकडा फार वेगळं काही सांगतोय.

डेंग्यूचा घात असा की ताप असताना माणूस सहसा कोसळत नाही, ताप उतरल्यावर कोसळतो. पहिले तीन ते पाच दिवस ताप असतो. तो उतरतो त्या सुमारास, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, 24 ते 48 तासांचा एक काळ असा येतो की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला पाण्याचा भाग बाहेर, पोटात आणि छातीत पाझरायला लागतो. आत राहिलेलं रक्त घट्ट होतं, बीपी ढासळतं. याच काळात प्लेटलेट तळ गाठतात. पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी, अस्वस्थपणा, लघवी कमी होणं ही त्याची धोक्याची लक्षणं. तुमचा आज पाचवा दिवस आहे, ताप उतरलाय, उलटी आहे आणि पोट दुखतंय. सासूबाईंना ज्या गोष्टीचा दिलासा वाटतोय, तीच मला काळजीची वाटते.

आता गरोदर शरीराबद्दल, कारण एरवी डॉक्टरांना जे लवकर दिसतं ते इथे झाकलं जातं. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र तेवढ्या वाढत नाहीत. त्यामुळे रक्त मुळातच पातळ असतं. डेंग्यूत रक्त घट्ट होतंय का हे आम्ही सीबीसीतल्या पीसीव्हीवरून, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के आहे त्यावरून, बघतो. तो आकडा नेहमीपेक्षा 20 टक्के चढला तर गळती जोरात आहे असं समजतो. समजा तुमचा नेहमीचा पीसीव्ही 32 आहे. गळती सुरू होऊन तो 38 वर गेला, तरी लॅबच्या कागदावर तो ‘नॉर्मल’ रकान्यातच बसेल, त्याच्याखाली लाल रेघसुद्धा येणार नाही. जुना आकडा शेजारी ठेवून बघितला तरच ती चढ कळते. म्हणून दवाखान्यात जाताना गरोदरपणाची पूर्ण फाइल न्या. फक्त या आठवड्यातले रिपोर्ट नेऊ नका.

नाडीचंही तसंच. गरोदरपणात ती एरवीपेक्षा 10 ते 20 ठोक्यांनी जास्त असते, बीपी मधल्या महिन्यांत थोडं कमी राहतं. त्यामुळे ‘गरोदर आहे, नाडी थोडी जास्त असणारच’ असं म्हणायला जागा मिळते. वाढलेल्या रक्तामुळे शरीर बराच वेळ तग धरून राहतं, बाई बोलत असते, चालत असते, आणि मग एकदम खाली जाते. शरीर स्वतःला वाचवायला आधी गर्भपिशवीकडचा रक्तपुरवठा कमी करतं. म्हणून बाळाची हालचाल कमी झाली तर तो आईच्या तब्येतीचाही इशारा समजायचा.

दवाखान्यात गेल्यावर काय व्हायला हवं? गरोदर बाईला डेंग्यूचा संशय असेल तर लक्षणं कमी असली तरी भरती ठेवून लक्ष देणं योग्य, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. एनएस1 ही डेंग्यूची तपासणी पहिल्या काही दिवसांत जास्त उपयोगी असते, आयजीएम ही दुसरी तपासणी साधारण पाचव्या दिवसापासून पॉझिटिव्ह यायला लागते. तुम्ही नेमक्या मधल्या दिवशी आहात. म्हणून आज दोन्ही निगेटिव्ह आल्या तरी डेंग्यू नाही असं मी म्हणणार नाही. रिपोर्टपेक्षा दर काही तासांनी मोजलेली नाडी, बीपी, लघवी आणि दिवसातून किमान एकदा, गरज पडली तर जास्त वेळा, केलेली सीबीसी यांवर माझा भरवसा जास्त असतो.

प्लेटलेटच्या आकड्याने सगळं घर हादरतं. ‘मॅडम, पन्नास हजारांवर आल्या, चढवा ना!’ हे वाक्य सीझनमध्ये रोज ऐकू येतं. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा बघून प्लेटलेट चढवायच्या नसतात. आपल्याकडच्या सूचनांप्रमाणे रक्तस्राव नसताना 10,000 च्या खाली गेल्यावर त्याचा विचार होतो. उगाच चढवलेल्या प्लेटलेट थोड्याच वेळात नष्ट होतात आणि शरीरात जादा पाणी जातं. बाळंतपण किंवा सिझेरियन डोक्यावर आलं असेल तर मात्र हिशेब बदलतो. शस्त्रक्रियेसाठी आम्हाला साधारण 50,000 लागतात, आणि पाठीत भूल द्यायची की पूर्ण भूल, हेही भूलतज्ज्ञ त्या आकड्यावरून ठरवतात. म्हणजे ‘किती प्लेटलेटला चढवायच्या’ याला एक उत्तर नाही. रक्त जातंय का आणि बाळंतपण किती जवळ आहे, यावर ते ठरतं.

सलाईनचंही तेच. गळतीच्या काळात ते मोजून द्यावं लागतं आणि गळती थांबली की कमी करावं लागतं, कारण पोटात आणि छातीत पाझरलेलं पाणी नंतर परत रक्तात येतं. तेव्हाही सलाईन जोरात चालू राहिलं तर फुप्फुसात पाणी भरतं, आणि गरोदर बाईच्या फुप्फुसांना ते पेलत नाही. ‘अशक्तपणा आहे, दोन बाटल्या लावून घ्या’ असं घरी किंवा कुठेतरी कोपऱ्यावर करून घेऊ नका.

पोटाच्या वरच्या बाजूला दुखणं मला आणखी एका कारणाने खटकतंय. गरोदरपणात बीपी वाढून होणारा एक गंभीर आजार आहे, हेल्प सिंड्रोम. त्यातही प्लेटलेट उतरतात, लिव्हरचे आकडे वाढतात, उलटी होते आणि नेमकं तिथेच दुखतं. कागदावर दोन्ही आजार जुळ्या बहिणींसारखे दिसतात, उपचार मात्र उलटे आहेत. हेल्पमध्ये बाळंतपण करणं हाच उपाय असतो. डेंग्यूच्या गळतीच्या काळात, बाळ-बाळंतिणीला दुसरा काही धोका नसेल तर, बाळंतपण पुढे ढकलणं शहाणपणाचं, कारण त्या काळात कापलं की रक्त थांबवणं कठीण जातं.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. आठव्या महिन्यातली एक बाई बाहेरगावाहून रात्री आमच्याकडे आली. प्लेटलेट 40,000 च्या आसपास, लिव्हरचे आकडे चढलेले, सोबतच्या चिठ्ठीवर ‘तातडीने सिझेरियन’. बीपी बघितलं तर 110/70, लघवीत प्रोटीन नाही. नवऱ्याला विचारलं, ताप होता का? तो म्हणाला, ‘होता, पण तो तर परवाच गेला.’ पोटाच्या सोनोग्राफीत आईच्या पोटात पाणी दिसलं, पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसली, एनएस1 पॉझिटिव्ह आली. आम्ही सिझेरियन केलं नाही. दोन दिवस डोळ्यांत तेल घालून सलाईन आणि लघवी मोजली, तिसऱ्या दिवशी प्लेटलेट आपोआप चढायला लागल्या आणि ती दिवस भरेपर्यंत पोटात बाळ घेऊन घरी राहिली. ‘ताप होता का’ हा एक प्रश्न त्या रात्री सगळ्यात मोलाचा ठरला. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा: ‘मी 29 आठवड्यांची गरोदर आहे, चार दिवस ताप होता, काल उतरला.’ कोणी विचारायची वाट बघू नका.

जायचं कुठे, तेही सांगते. ज्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, रक्तपेढी आणि आयसीयू एका छताखाली आहे, तिथे. छोट्या नर्सिंग होममध्ये माया असते, ओळख असते, पण रात्री दोन वाजता प्लेटलेट लागल्या तर धावपळ तुमच्याच माणसांना करावी लागते. मानेवाड्याहून मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, जवळ आहे. सरकारीत जायचं नसेल तर मोठं खासगी रुग्णालय बघा. गाडीची सोय नसेल तर 108 किंवा 102 ला फोन करा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून निघालात तर उत्तमच, कारण त्यांनी पुढे फोन केला तर तुमचा वेळ वाचेल.

औषधांबद्दल थोडं, पण लक्ष देऊन वाचा. तापाला पॅरासिटॅमॉल चालतं. 500 किंवा 650 ची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो, आणि 20 आठवड्यांनंतर तशा गोळ्यांनी बाळाच्या भोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. रविवारी कमरेत दिलेलं इंजेक्शन कशाचं होतं ते त्या दवाखान्यात फोन करून विचारा आणि नाव लिहून न्या. बऱ्याचदा ते डायक्लोफेनॅक असतं. प्लेटलेट कमी असताना कमरेत सुई टोचली की आत रक्त साकळतं, म्हणून आता असं इंजेक्शन घेऊ नका. आणि बीपी वाढू नये म्हणून तुम्हाला रोजची इकोस्प्रिन (कमी डोसची अ‍ॅस्पिरिनच) सुरू असेल, तर ते आज आवर्जून सांगा. बहुतेक वेळा ती काही दिवस थांबवतात. अनेक बायका तिला ‘औषध’ समजतच नाहीत, आयर्न-कॅल्शियमच्या डब्यात ती मुकाट्याने पडलेली असते.

पपईच्या पानांचा रस नको. गरोदरपणात तो सुरक्षित असल्याचा पुरावा नाही, चव इतकी कडू की उलटी वाढते, आणि उलटीने पाणी कमी होणं डेंग्यूत धोक्याचं. बकरीच्या दुधाचंही तेच. साथीत ते सोन्याच्या भावाने विकतात, कच्चं प्यायलं तर वेगळाच जंतुसंसर्ग पदरात पडतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर प्लेटलेट स्वतःहून वर येतात आणि श्रेय रसाला मिळतं. तुम्ही ओआरएस, ताक, पेज, वरणाचं पाणी, शहाळं यातलं जे पोटात राहील ते थोडं थोडं घ्या आणि लघवी दर चार-सहा तासांनी होते का बघा.

समजा तपासण्यांत डेंग्यू नाहीच निघाला. मग दुसऱ्या शक्यता येतात आणि प्रत्येकीत आईला असलेला धोका वेगळा आहे. तुम्हाला खोकला किंवा दम नाही असं दिसतंय, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असेल, म्हणून लिहिते.

फ्लूमध्ये गरोदर बाई का जास्त आजारी पडते, याचं उत्तर तिच्या छातीत आहे. वाढलेली पिशवी फुप्फुसांखालच्या पडद्याला वर ढकलते, श्वास सोडल्यावर आत शिल्लक राहणारी हवा साधारण 20 टक्के कमी होते, आणि प्राणवायूची गरज तेवढीच वाढलेली असते. म्हणजे साठा कमी, खर्च जास्त. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत जगभर गरोदर स्त्रियांची जी हालत झाली ती यामुळे, आणि 2015 मध्ये आपल्याकडे तेच पुन्हा बघायला मिळालं. ताप, खोकला आणि चालताना दम असेल तर ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालेलं सगळ्यात चांगलं. डॉक्टर ते स्वॅबच्या रिपोर्टची वाट न बघता देऊ शकतात, आणि गरोदरपणात ते चालतं. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर घरी पडलं असेल तर सेल बदलून जवळ ठेवा. गरोदर बाईचा प्राणवायू 95 च्या खाली दिसला तर घरी थांबायचं नाही. कोरोनाने तर हा धडा फार जड किमतीत दिला. आयसीएमआरच्या नोंदींत लागण झालेल्या गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांमधलं मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत 0.7 टक्के होतं, दुसऱ्या लाटेत ते 5.7 टक्क्यांवर गेलं. गरोदर स्त्रियांना लस घ्यायला परवानगी मिळाली ती 2 जुलै 2021 ला, तोवर दुसरी लाट ओसरत आली होती. त्या एप्रिल-मेमधल्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात. फ्लूची लस गरोदरपणात देता येते. ती आईला वाचवते आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळालाही संरक्षण देते. तुम्ही बऱ्या झालात की तिच्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

कावीळ हा आमच्यासाठी सगळ्यात धास्तीचा शब्द. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ई ही कावीळ एरवीच्या तरुण माणसाला दोन-तीन आठवडे थकवते आणि जाते. तीच शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो, इतका फरक. लिव्हर झपाट्याने निकामी होतं, रक्त गोठायचं थांबतं आणि बाळंतपणात रक्तस्राव आवरत नाही. आपल्याकडे अजूनही काविळीला माळ घालतात, झाडपाला देतात, डोळ्यांत औषध टाकतात. माळेवर घरच्यांची श्रद्धा असेल तर मी त्यावरून भांडत बसत नाही, माळ गळ्यात असू दे म्हणते. पण त्याच दिवशी तपासणीसाठी रक्त द्या. आणि बिलिरुबिनच्या आकड्यावर थांबू नका, पीटी-आयएनआर करायला सांगा. डोळे किती पिवळे झाले यापेक्षा रक्त गोठायला किती वेळ लागतो, यावरून लिव्हरची खरी अवस्था कळते. झोप उलटीपालटी होणं, बडबडणं, एरवीची शांत बाई एकाएकी चिडचिडी होणं, याला ‘अशक्तपणा’ समजू नका. मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची ती खूण असते. नळाला पेंच नदीचं पाणी असो की कन्हानचं, पावसाळ्यात वस्तीतली पाइपलाइन कुठे फुटली आणि शेजारून गटार गेलंय का, यावर सगळं अवलंबून. गरोदर बाईने पावसाळाभर पाणी उकळूनच प्यावं, आणि पाणीपुरीचं पाणी या चार महिन्यांपुरतं सोडावं.

कांजण्यांबद्दल थोडक्यात. लहानपणी होऊन गेल्या असतील तर चिंता नाही. झाल्या नसतील आणि घरातल्या मुलाला आल्या, तर अंगावर फोड येण्याची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, कारण संपर्क झाल्यापासून ठरावीक दिवसांतच संरक्षक इंजेक्शनचा उपयोग होतो. मोठ्या वयात, त्यातही शेवटच्या महिन्यांत, कांजण्यांचा न्यूमोनिया होऊ शकतो. ‘माता आली आहे, औषध द्यायचं नाही’ हे घरात बोललं जातं. मातेचं जे करायचं ते घरच्यांनी करावं, औषधही सुरू करावं. असायक्लोव्हिर पुरळ आल्यापासून 24 तासांत सुरू झालं तर त्याचा खरा फायदा होतो.

विदर्भातल्या बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. तुमची सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का? दोष असेल तर फाइलमध्ये एएस किंवा एसएस असं लिहिलेलं असतं. एएस म्हणजे वाहक, त्यांना सहसा फार त्रास होत नाही. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार, तो असेल तर कोणताही ताप हा भरतीचा ताप. त्यांच्या तांबड्या पेशी 120 दिवसांऐवजी जेमतेम 10 ते 20 दिवस जगतात, शरीर सतत नव्या बनवून वेळ मारून नेत असतं. पार्वोव्हायरससारखा, मुलांमध्ये किरकोळ वाटणारा विषाणू हे उत्पादन आठवडाभर बंद पाडतो आणि हिमोग्लोबिन काही दिवसांत धोक्याच्या खाली जातं. छातीत दुखणं, दम लागणं हे तर त्याहून तातडीचं. तुमचा रिपोर्ट माहीत नसेल तर आजच्या रक्तातच ती तपासणी करून घ्या.

आता बाळ. डेंग्यूमुळे बाळात व्यंग येतं असं सहसा होत नाही. सातव्या महिन्यात त्याचे सगळे अवयव तयारही झालेले असतात. धोका आहे तो वेळेआधी कळा सुरू होण्याचा, आणि आईचं बीपी खाली गेलं तर बाळाला रक्त कमी पडण्याचा. म्हणजे तुमची नाडी आणि लघवी सांभाळणं हाच बाळाचाही उपचार आहे. बाळंतपणाच्या आठवड्यातच ताप असेल तर आईकडून बाळाला विषाणू जाऊ शकतो, अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून बाळावर काही दिवस लक्ष ठेवायचं. तुम्हाला अजून अवकाश आहे. रुबेला, झिका, सीएमव्ही या विषाणूंचं गणित उलटं असतं, त्यांत आईला किरकोळ त्रास आणि बाळाला मोठा, मुख्यतः सुरुवातीच्या महिन्यांत. पुण्यात 2024 मध्ये गरोदर बायकांमध्ये झिका सापडला तेव्हा आमच्याकडेही फोनवर फोन आले होते. चांदीपुरा विषाणूबद्दलही विचारतात, कारण नाव आपल्या नागपूरजवळच्या गावाचं, 1965 साली इथेच तो सापडला. पण त्याचा मेंदूज्वर प्रामुख्याने लहान मुलांना होतो, तुमच्या लक्षणांशी त्याचा संबंध दिसत नाही.

सासूबाईंना कसं सांगायचं, असंही तुम्ही विचारलंय. त्यांना उलट उत्तर देऊ नका, त्यांनाच सोबत न्या. ‘आई, ताप उतरल्यावरच दोन दिवस जपायचं असतं असं डॉक्टर म्हणतात, तुम्ही चला माझ्यासोबत’ एवढं म्हणा. त्यांच्या काळात डेंग्यू एवढा घरोघरी नव्हता. ताप गेला म्हणजे आजार गेला, हा त्यांचा अनुभव त्यांच्यापुरता खरा आहे. वॉर्डात रात्री कोण थांबणार, घरी स्वयंपाक कोण बघणार, या त्यांच्या खऱ्या अडचणी असतात, त्यांवर नवऱ्याने आधीच तोडगा काढावा. म्हणजे ‘भरती कशाला’ हा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

तुम्ही भरती झालात आणि दोन दिवसांत काहीच घडलं नाही, प्लेटलेट चढल्या, भूक लागली, तर घरचे म्हणतील की उगाच पैसे गेले. तसंच व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. घरी सोडताना तीन गोष्टी विचारून घ्या: पुढची सीबीसी कधी, इकोस्प्रिन परत कधी सुरू करायची, आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी कधी. घरी आल्यावर दिवसभर पलंगावर पडून राहू नका, थोडं थोडं चालत राहा. गरोदरपणात रक्ताच्या गाठी होण्याचा कल असतोच, आजारपण आणि झोपून राहणं त्यात भर घालतं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं किंवा एकाएकी दम लागला तर परत या.

आणि तुम्ही दवाखान्यात असताना नवऱ्याला घरचा कूलर बघायला सांगा. उन्हाळा संपून तीन महिने झाले तरी आपल्याकडे खिडकीतले कूलर निघत नाहीत, टाकीत तळाला चार बोटं पाणी राहतं आणि डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात. टाकी घासून, पुसून, उलटी करून ठेवायची. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला तरी दुसरा होऊ शकतो आणि दुसऱ्या वेळचा जास्त जड जाऊ शकतो. तुमचे अजून अकरा आठवडे जायचे आहेत. आज संध्याकाळचे बीपी, प्लेटलेट आणि पीसीव्हीचे आकडे, मागच्या महिन्याच्या आकड्यांसोबत, इथे लिहा. मी रात्री बघते. पण माझ्या उत्तरासाठी दवाखान्यात जायचं थांबू नका.